आधी तार, मग रेडिओ

सांगलीजवळच्या हरिपूरहून प्र. या वाचकाचं पत्र आलं आहे. वय २४, आयटीआय वायरमन, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी. २०१९ च्या पुरात घरातले सगळे मिरजेला मावशीकडे गेले, वडील, म्हणजे आप्पा, म्हशींसाठी मागे राहिले आणि तीन दिवस त्यांचा फोन लागला नाही. तो लिहितो: "बाई, ते तीन दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. मोबाइल बंद पडला तरी बोलता येईल असं काहीतरी घरात पाहिजे, म्हणून मी हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोक स्वतःच्या सेटवरून थेट एकमेकांशी बोलतात त्या रेडिओच्या, मागे लागलोय. ऑनलाइन एक चिनी हँडसेट मागवला. दोन महिने रोज रात्री गच्चीवर जाऊन बटण दाबून हाका मारतोय, एकदाही उत्तर नाही. आता ३५ हजार साठवलेत. मोठा रेडिओ कुठला घेऊ? परवान्याची परीक्षा इंग्रजीत असते म्हणतात, मला जमेल का? आप्पा गच्चीवर पाइप उभा करू देत नाहीत, म्हणतात वीज ओढून घ्यायचे धंदे नकोत. शेजारी म्हणतात टॉवर आला की आजार आले. तुम्ही साताऱ्यात बसून इतकी वर्षं हे करताय, तुम्हीच सांगा."

प्रिय प्र.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोठ्या रेडिओचं नंतर बोलू, आधी तो हँडसेट. त्याची बॅटरी आजच काढून वेगळी ठेव, आणि विकणारा परत घेत असेल तर परत करून टाक. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून विनापरवाना ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगणंही गुन्हा मानलं गेलं आहे, वापरणं तर पुढची गोष्ट. हाका मारताना तू कुठल्या फ्रीक्वेन्सीवर होतास ते तू लिहिलेलं नाहीस. असे हँडसेट १३६ पासून १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही लागतात. त्यात हौशी मंडळींच्या वाट्याला १४४ ते १४६ एवढाच तुकडा आहे. बाकीच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी काम चाललेलं असतं, कदाचित पोलिसांचं, कदाचित रेल्वेचं. ज्या माणसाला पुरात लोकांच्या उपयोगी पडायचंय, त्याने नकळतसुद्धा कुणाच्या कामाच्या बोलण्यावर पाय देऊ नये. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. पण आता थांब.

उत्तर का आलं नाही, याचं कारण तुझ्या हाकेत नाही, पृथ्वीच्या गोलाईत आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. तुझी गच्ची दहा मीटर उंच आणि समोरच्याचीही तेवढीच धरली, तर दोघांना एकमेक 'दिसतात' ते साधारण पंचवीस किलोमीटरपर्यंत. मध्ये टेकडी, इमारती, झाडी आली की तेवढंही नाही. त्या पंचवीस किलोमीटरांत परवाना असलेला माणूस त्याच वेळी, त्याच फ्रीक्वेन्सीवर, रेडिओ चालू ठेवून बसलेला असायला हवा. सातारा तुझ्यापासून रस्त्याने सुमारे सव्वाशे किलोमीटर. तू गच्चीवर रात्रभर ओरडला असतास तरी मला ऐकू आलं नसतं.

हेच अंतर चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे जिथे एका लहरीची लांबी सुमारे तेवढी असते त्या ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, दुपारी चहा पिता पिता पार होतं. त्या लहरी वर आकाशात जातात, तिथल्या विद्युतभारित थरावरून परततात आणि छत्रीसारख्या खाली पसरतात. मध्ये डोंगर असो नाहीतर पूर. तू ज्या कामासाठी रेडिओ मागतोयस त्याला हा पट्टा हवा. तो तुला मिळवून देते ती वीस मीटर तार. हजारोंचा डबा तिच्यानंतर येतो. माझा सल्ला एका ओळीत मागितलास तर हाच: आधी तार बांध, मग रेडिओ घे. आणि तारेच्याही आधी कान तयार कर.

परीक्षेचं लगेच सांगून टाकते, कारण तुझी भीती विनाकारण आहे. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा परवाने देते आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा असतो. किमान वय १२ वर्षं, म्हणजे सातवीतलं पोरगंही बसू शकतं. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, लागत नाही आणि कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं तुझं अधिकृत नाव, व्हीयू३ ने सुरू होतं. जनरलला मिनिटाला ८ शब्द या वेगाने मोर्स घ्यावं आणि पाठवावं लागतं, तिथे व्हीयू२ मिळतं. तू रिस्ट्रिक्टेडपासून सुरू कर. अभ्यासक्रमाचे दोन भाग: रेडिओचं तंत्र आणि नियम. तंत्रात ओहमचा नियम, एसी, कॉइल, कपॅसिटर, रेझोनन्स, ट्रान्समीटर, रिसीव्हर, अँटेना. यातलं निम्मं तू आयटीआयमध्ये हाताने केलेलं आहेस. इंग्रजी म्हणशील तर शब्द ठरावीक आहेत. एक वही कर, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे तुझ्या भाषेत त्याचा अर्थ. मी चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. मराठी माध्यमातली मुलं अडखळत ती शब्दांवर. विषय त्यांना आधीच कळलेला असे. आणि नियमांचा भाग घोकू नकोस, समजून घे. तुझ्या हँडसेटवर मी वर जे लिहिलं, तेच त्यात सविस्तर आहे.

अर्ज, परीक्षा आणि परवाना यांत वेळ जातो. तो वेळ फुकट घालवायचा नाही, ऐकायचं. ऐकण्यासाठी पहिला रुपयाही लागत नाही: नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर २००८ पासून इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे, मोबाइलवरसुद्धा त्याची चकती फिरवता येते. पण तो तिकडचं आकाश ऐकवतो. आपल्याकडचं ऐकायला साइडबँडची, म्हणजे हॅम ज्या पद्धतीने आवाज पाठवतात तिची, सोय असलेला छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ घे किंवा एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावली की त्याचाच रेडिओ करणारी छोटी काडी, घे. डोंगल घेताना एक बघ, साध्या डोंगलला २४ मेगाहर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही. शॉर्टवेव्हची सोय असलेलाच माग. साइडबँडचं मुद्दाम सांगते, कारण साध्या रेडिओवर हॅमचं बोलणं नाक दाबून बडबडल्यासारखं येतं आणि नवा माणूस सेट बिघडला म्हणून दुकानात घेऊन जातो. ७ मेगाहर्ट्झवर लोअर साइडबँड लाव, बटण अगदी हळू फिरव. एका जागी ती बडबड माणसाचा आवाज होते. पहिल्यांदा ते घडेल तेव्हा घरातल्या कुणाला तरी हाक मारून दाखव.

सकाळी कोण बोलतं, दुपारी किती लांबचं येतं, रात्री जवळपासच्या जिल्ह्यांतला माणूस नाहीसा होऊन परदेशी आवाज कसे चढतात, हे सगळं वहीत लिही. तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी, कॉलसाइन, आवाज कसा होता. महिनाभर रोज अर्धा तास. बोलायला सुरुवात करशील तेव्हा कुठे कधी हाक द्यायची हे तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

ऐकायला बसलास की पहिला शत्रू भेटेल तो घरातला गोंगाट. हे काम वायरमनचंच आहे, म्हणून नीट सांगते. रेडिओ बॅटरीवर चालव आणि घराचा मेन बंद कर. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढव आणि कान दे. आमच्याकडे खरखर एका खोलीच्या एमसीबीला परत आली. त्या खोलीत मी छोटा रेडिओ हातात धरून भिंतीभिंतीने फिरले. खिडकीपाशी कमी, कपाटापाशी जास्त, आणि कपाटाच्या मागच्या सॉकेटपाशी नेला तर बोलणंच बुडालं. तिथे एक मोबाइलचा स्वस्त चार्जर महिनोन्‌महिने नुसता लावून ठेवलेला होता, त्याला फोनही जोडलेला नव्हता. तो उपटला आणि केरळचा एक आवाज खोलीत आला. एलईडी ट्यूब, सीसीटीव्हीचा अ‍ॅडॅप्टर, सोलरचा इन्व्हर्टर, हे सगळे याच जातीचे. तुझ्याकडे आणखी एक ऐकू येईल: दर सेकंदाला टक्, टक्, घड्याळासारखं. ते घरात शोधू नकोस, ते कुणाच्या तरी रानातल्या कुंपणाचं झटका मशीन असतं. बहुतेक वेळा तारेला गवत टेकलेलं असतं किंवा सांधा ढिला असतो. त्या शेतकऱ्याला गोडीत सांगून सांधा आवळून दिलास, तर त्याचं कुंपणही नीट चालेल.

आता तार.

चाळीस मीटरसाठी सगळ्यात भरवशाची अँटेना म्हणजे डायपोल, मध्ये केबल जोडलेली दोन सारख्या हातांची तार. एकूण लांबी मीटरमध्ये हवी तर १४३ ला मेगाहर्ट्झने भाग. ७.१ ला २० मीटर १४ सेंटिमीटर येतात, म्हणजे प्रत्येक बाजू दहा मीटरच्या किंचित वर. तुझ्याकडे दीड किंवा अडीच स्क्वेअरची मल्टिस्ट्रँड वायर कामातून उरलेली असेलच, ती चालते. प्लास्टिकचं आवरण असलेली तार उघड्या तारेपेक्षा थोड्या कमी लांबीला लागते, तरीही कापताना दोन्ही बाजू साडेदहा मीटर ठेव. मध्ये पीव्हीसी पाइपचा तुकडा, टोकांना पीव्हीसीचेच तुकडे, पुढे नायलॉनची दोरी. मधला बिंदू गच्चीवरच्या पाइपाच्या किंवा चांगल्या वाळलेल्या बांबूच्या शेंड्याला, आणि दोन्ही हात उतरत्या छपरासारखे खाली. दोन हातांमधला कोन ९० अंशांपेक्षा लहान होऊ देऊ नकोस. गच्ची लहान असेल तर एक हात परसातल्या नारळापर्यंत जाऊ दे, पण झाडाला दोरीच बांध, खिळा नको, आणि वाऱ्याला झाड हलतं म्हणून दोरीत थोडी ढील ठेव.

हा उंचीचा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे. लांबच्या देशांशी बोलायचं तर डायपोल उंच लागतो. तुला सांगली, सातारा, पुणे, कोल्हापूर गाठायचंय. आठ-दहा मीटरवर लावलेला चाळीस मीटरचा डायपोल बहुतेक शक्ती वर फेकतो आणि ती वरून जवळपासच्या काही शे किलोमीटरांत पडते. आपल्याला नेमकं तेच पाहिजे. आप्पांना सांग, टॉवर नाही, साध्या बांबूवर भागतंय.

बांधली की जुळवायची. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी थांबून पाहिलंयस का? जवारी काढणारा कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस दोनदा फिरवतो, तार चढवतो, छेडतो, कान देतो, पुन्हा उतरवतो. एका फटक्यात कधी करत नाही, कारण जास्त घासलेलं परत येत नाही. अँटेनाची जुळवणी तशीच. नॅनोव्हीएनए नावाचं तळहातावर मावणारं यंत्र मिळतं, तुझ्या ३५ हजारांतला पहिला खर्च तोच कर. ते केबलला लावलं की पडद्यावर एक रेघ खोलात उतरलेली दिसते. तो खड्डा जिथे आहे ती तुझ्या तारेची खरी फ्रीक्वेन्सी. साडेदहा मीटर ठेवलीस म्हणून तो ७ च्या खाली, समजा ६.७ ला दिसेल. आता दोन्ही बाजूंची टोकं सारखीच आखूड करायची. तोडू नकोस, तार मागे दुमडून स्वतःभोवतीच पीळ दे. दोन्हीकडून दहा-दहा सेंटिमीटर कमी केले की खड्डा सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. बांबू उतरव, दुमड, चढव, बघ. चौथ्या-पाचव्या वेळेला तो ७.१ वर येऊन बसेल. तेच यंत्र एसडब्ल्यूआर दाखवतं, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, जितकं १ च्या जवळ तितकं बरं. एसडब्ल्यूआर दीडच्या खाली आला तर उत्तम, दोनच्या खाली असला तरी काम सुरू कर.

या कामाला एक अख्खा रविवार ठेव आणि सोबत माणूस घे. महावितरणच्या तारा कुठून जातात ते आधी बघ. बांबू कुठल्याही बाजूला आडवा झाला, तार तुटून उडाली, तरी त्या तारांपर्यंत पोहोचता कामा नये. पोहोचत असेल तर जागा बदल. या एका बाबतीत तडजोड नाही. हे मी वायरमनला सांगतेय खरं, पण ज्यांना सवय असते तेच बेसावध होतात.

तार ते रेडिओ जोडणारी केबल ५० ओहमची हवी. डिश टीव्हीची ७५ ची असते. आरजी ५८ वीस मीटर घेतलीस तर ७ मेगाहर्ट्झवर शक्तीचा पाचवा हिस्साही वाया जात नाही. मात्र त्याच केबलवर १४५ मेगाहर्ट्झ चालवलंस तर निम्म्याहून जास्त वाटेतच जिरते. म्हणून पुढे व्हीएचएफची, म्हणजे या १४५ च्या पट्ट्याची, अँटेना लावशील तेव्हा जाड केबल घे नाहीतर अंतर कमी ठेव.

केबलचं मला आलेलं एक संकट सांगते, कारण ते तुझ्यावर येऊ नये असं मनापासून वाटतं. साताऱ्यातला माझा पहिला पावसाळा. मे महिन्यात बांधलेली अँटेना झकास चालत होती. जुलैत मात्र हाका मारून घसा सुकला तरी कुणी उत्तर देईना. मीटर पाहिला तर एसडब्ल्यूआर १.२, मेपेक्षाही चांगला. मी पंधरा दिवस रेडिओलाच दोष देत बसले. शेवटी गच्चीवर जाऊन जोडाशेजारी केबल कापली. आतली तांब्याची जाळी, जी चकचकीत असायला हवी, ती काळीमिट्ट झालेली, तिच्यावर हिरवी पूड, आणि बोटांनी दाबल्यावर पाण्याचा थेंब बाहेर आला. वरच्या जोडातून पाणी शिरून जाळीच्या धाग्याधाग्याने खाली उतरलं होतं. माझी शक्ती केबल पीत होती. अँटेनाकडून परत फिरणारी शक्तीही तीच पीत होती, त्यामुळे मीटरला सगळं आलबेल दिसत होतं. तेव्हापासून मी चांगला एसडब्ल्यूआर दिसला म्हणून निश्चिंत होत नाही. मे महिन्यातला आकडा वहीत लिहून ठेवते आणि पावसात तो सुधारला तर आधी केबल तपासते. तू वरचा जोड खाली तोंड करून ठेव, त्यावर ताणून बसवायची रबरी टेप खालून वर गुंडाळ, म्हणजे पदर कौलांसारखे पडतात. आणि केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ दे, पाणी तिथेच ठिबकून जाईल.

एवढं झाल्यावर आणि परवाना हातात आल्यावर रेडिओ. तू मॉडेल विचारलंस, मी मॉडेल सांगणार नाही. ३५ हजारांत चांगल्या स्थितीतला जुना एचएफ सेट, म्हणजे चाळीस मीटरसारख्या पट्ट्यांवर बोलणारा, मिळेल की नाही हे त्या वेळी कोण विकतंय त्यावर आहे. नवशिक्याने परवानाधारक माणसाकडूनच, समोर चालवून बघून घ्यावा, आणि सेट कागदोपत्री स्वच्छ आहे याची खात्री करावी. पॉवरच्या मागे लागू नकोस. २५ वॅटचे १०० वॅट केलेस, चौपट, तरी समोरच्याच्या सिग्नल मीटरवर जेमतेम एक खूण सरकते. तेवढा फरक तार नीट उंचीवर नेऊनही पडतो, आणि तारेने तुला ऐकूही जास्त येतं. पॉवरने ऐकू येत नाही. तुझ्या श्रेणीला किती वॅटची मुभा आहे ते नियमांत दिलेलं असतं, त्यापुढे जायचं नाही.

तुझ्या हातात सोल्डरिंग आहे म्हणून दुसरी वाटही सांगते. हैदराबादचे अशहर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, यांनी बिटएक्स नावाचा साइडबँडचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा एकच सेट, रचला, तो सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता यावा म्हणूनच. पहिल्या रचनेत टोरॉइड नावाच्या महागड्या कडीऐवजी नळाच्या वायसरवर तार गुंडाळून कॉइल केली होती. जगभरच्या लोकांनी तो बांधला. काही वॅटचाच असतो, पण दुपारी चाळीस मीटरवर जुळवलेल्या डायपोलला तो लावला तर तुझा आवाज माझ्यापर्यंत यायला काही वॅट पुरतात. माझं मत विचारशील तर तुझ्यासारख्याने हाच करावा. स्वतः बांधलेला सेट पुराच्या रात्री बिघडला तर तुला उघडता येईल.

शंभर वॅटचा सेट घेतलास तर बोलताना तो १३.८ व्होल्टवर २० अँपियरच्या घरात ओढतो. केबल तेवढी जाड आणि आखूड, आणि फ्यूज प्लस-मायनस दोन्हींना. एलईडी पट्ट्यांना वीज देणारा स्वस्त एसएमपीएस वापरू नकोस, चार्जरची गोष्ट आठव. पुरात वीज सगळ्यात आधी जाते, म्हणून सेट पहिल्या दिवसापासून बॅटरीवरच चालवायची सवय ठेव. बॅटरी वरच्या मजल्यावर, हवेशीर जागी. ज्या गावच्या हळदीच्या पेवांत २००५ ला पाणी शिरलं, त्या गावात तळमजल्यावर कामाची वस्तू ठेवायची नाही, हे तुला मी सांगायला नको.

आप्पांकडे येते. त्यांची भीती खोटी नाही. बांबूवरची तार वीज बोलावून आणत नाही, पण वळवाच्या पावसात जवळपास कुठे वीज पडली तरी लांब तारेत मोठा झटका उतरतो आणि केबलवरून घरात येतो. त्यांना पटवत बसण्यापेक्षा त्यांच्या भीतीचं उत्तर बांधून दाखव. केबल घरात येते तिथे भिंतीबाहेर एक डबा बसव, त्यात सर्ज अरेस्टर, म्हणजे आलेला झटका जमिनीकडे वळवणारा भाग, आणि तिथून थेट अर्थिंगच्या खड्ड्याला जाड पट्टी. तो खड्डा आणि घराचं मूळचं अर्थिंग एकमेकांना जोडलेले हवेत, दोन वेगळी अर्थिंग ठेवू नकोस. आणि एप्रिल-मेमध्ये पश्चिमेला ढग काळे झाले, किंवा रेडिओवर कडाड्‌ असे फटके ऐकू यायला लागले, की केबल सेटपासून सोडवून त्या बाहेरच्या डब्यात ठेवायची. हे काम आप्पांनाच दे. ढग तुझ्याआधी त्यांना कळतील.

शेजाऱ्यांना सांग की हा मोबाइल टॉवर नव्हे. चोवीस तास चालत नाही, तू बोलशील तेवढाच वेळ तारेत शक्ती असते, आणि तीही शरीरातल्या पेशी मोडणाऱ्या किरणांच्या जातीची नाही. मात्र तारेच्या टोकांना बोलताना बराच व्होल्टेज असतो, हात लागला तर चटका बसतो. म्हणून टोकं कुणाच्या, विशेषतः पोरांच्या, हाताला येणार नाहीत अशी ठेव. आणि कुणी म्हणालं की तुझ्यामुळे टीव्ही अडखळतो, तर वाद न घालता त्यांच्या घरी जाऊन बघ. पुष्कळदा एक फेराइटची कडी अडकवून प्रश्न सुटतो.

आणि त्यांना एकदा ऐकव. अंतराळ स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर खाली येतो, डोंगल आणि ४९ सेंटिमीटरची उभी तार एवढ्यावर तो तुझ्या गच्चीवर ऐकू येतो. कधी शाळांशी बोलणं असतं, कधी चित्रं पाठवतात, वेळापत्रक आधी जाहीर होतं. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला तिथून हॅम रेडिओवरच आपल्या विद्यार्थ्यांशी बोलले. स्थानक एका बाजूने उगवून दुसऱ्या बाजूला मावळेपर्यंत दहाएक मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात आप्पा तुझ्या शेजारी खुर्चीत बसलेले असू देत.

शेवटी पुराचं. त्या तीन दिवसांत तुझ्या घरात रेडिओ असता तर आप्पांचा निरोप आला असता का? खरं सांगायचं तर नुसता रेडिओ असता तर नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं; तशा वेळी कुणी पुस्तक उघडून बटणं शिकत नाही. आणि पलीकडे कोण ऐकतंय हे आधीपासून ठरलेलं असावं लागतं. २००४ च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, आपल्या चमूसह अंदमानात गेल्या होत्या ते छंद म्हणून, जगभरच्या हॅमना अंदमानचा संपर्क मिळावा म्हणून. २६ तारखेला त्सुनामी आली तेव्हा त्यांच्या अँटेना उभ्या होत्या, सेट गरम होते, मुख्य भूमीवरचे कान त्यांच्याकडेच लागलेले होते. त्यांनी तिथून माणसांच्या खुशालीचे निरोप पोहोचवले, कारण सगळं आधीपासून चालू होतं.

तेव्हा तुला रोजचं बोलणं हवं. परवाना मिळाल्यावर सकाळी जमणाऱ्या एखाद्या नेटमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी एकाच फ्रीक्वेन्सीवर भरणाऱ्या हॅमच्या बैठकीत, रोज हजेरी लाव. निरोप कागदावर लिहून घ्यायचा, वेळ घालायची, कुणाकडून कुणाला, आणि वाचून परत ऐकवायचा, ही शिस्त कोरड्या दिवसांत अंगवळणी पाड. हरिपुरात आणि सांगलीत आणखी दोघा-तिघांना परीक्षेला बसव, एकट्याचं स्टेशन अर्धं असतं. महिन्यातून एक रविवार मेन बंद करून दिवसभर बॅटरीवर काढ, म्हणजे ती किती तास पुरते हे कळेल. परवाना आला की जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन भेट, पावसाळ्याआधी, आणि तुझं कॉलसाइन व पत्ता तिथे देऊन ये. जुलैत त्यांना तुझ्याशी बोलायला वेळ नसतो.

आत्ता मला एक गोष्ट पाठव. गच्चीचं चित्र, वहीच्या पानावर, पेन्सिलने. गच्चीची लांबी-रुंदी मीटरमध्ये, नारळ कुठे, पाण्याची टाकी कुठे, मेन बोर्ड कुठल्या भिंतीला. पण सगळ्यात आधी रस्त्यावरच्या विजेच्या तारा काढ, आणि गच्चीच्या कोपऱ्यापासून त्या किती लांब आहेत ते मोजून लिही.